‘अली’ : बापाची गाणी, मुलाची गिटार आणि टेक्सासचा बँड

अली हे नाव आपल्या घरांत नवीन नाही. पण २३ सप्टेंबर २०२२ रोजी ‘अली’ याच नावाचा जो संगीत अल्बम जगभर प्रसिद्ध झाला, त्याच्यावरची दोन नावं आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पहिलं नाव आहे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा गिटारवादक आणि गायक व्यू फारका तूरे याचं. दुसरं आहे ख्रुआंगबिन, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्युस्टन शहराचा तीन जणांचा एक बँड. आणि ज्यांचं नाव अल्बमला दिलंय ते अली म्हणजे व्यूचे मरहूम वडील, अली फारका तूरे. अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि आठही वडिलांच्या भांडारातली.

कॉलेजला जाणारी मुलं कानात हेडफोन घालून जे ऐकतात त्यात अशी मिश्र गाणी आजकाल पुष्कळ असतात. थोडं आफ्रिकेचं, थोडं जमैकाचं, थोडं थायलंडचं. घरातल्या मोठ्या माणसांना ते सगळं एकच ‘इंग्लिश गाणं’ वाटतं आणि ‘बंद कर ते’ एवढ्यावर विषय संपतो. या अल्बमच्या बाबतीत तो तिथं संपवू नये असं आम्हाला वाटतं. कारण ही मूळ गाणी ज्याची, तो माणूस दीनाने मुसलमान, पेशाने शेतकरी आणि आपल्या गावाचा महापौर होता. आपल्या मुलाने गाणारा होऊ नये यासाठी तोच माणूस अडून बसला होता. आणि त्याच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनी, त्याच्याच मुलखात, इस्लामचं नाव घेऊन हत्यारबंद लोकांनी सगळ्या गाण्यावर बंदी घातली. ‘अली’ ऐकताना हे सगळं माहीत असेल तर त्या संथ सुरांचा अर्थच बदलतो.

आधी अलींबद्दल. त्यांचा जन्म १९३९ चा, टिंबक्टू प्रदेशातला. टिंबक्टू म्हणजे तेच शहर, जिथल्या मदरशांची आणि हस्तलिखितांची नावं आपण इस्लामी इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो. अली आपल्या आईबापांचे दहावे पुत्र. आधीचे नऊ लहानपणीच गेलेले. म्हणून त्यांना ‘फारका’ हे टोपणनाव पडलं. फारका म्हणजे गाढव. हसू नका, आपल्याकडेही मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायची रीत होतीच. नाव वाईट ठेवलं की नजर लागत नाही आणि जीव चिवट होतो, हा जगभरच्या आयांचा हिशेब. हा दहावा मुलगा खरोखरच जगला. वडील दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच फौजेतून लढताना गेले, आणि घर नायजर नदीकाठच्या नियाफुंके या गावात येऊन स्थिरावलं. पुढे अली जगभर फिरले, पण गाव म्हणजे नियाफुंके हे कधी बदललं नाही.

इथं मालीच्या समाजाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिथं गाणं-वाजवणं हा परंपरेने एका ठरावीक जमातीचा पेशा आहे. त्यांना ‘जेली’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘ग्रिओ’ म्हणतात. राजाची वंशावळ तोंडपाठ ठेवणं, लग्नात, बारशात, भांडण मिटवताना गाणं, हे त्यांचं काम. आपल्या उत्तरेकडच्या मिरासी घराण्यांशी याचं थोडंफार साम्य आहे. अली जेली नव्हते. ते खानदानी घराण्यातले, म्हणजे ज्यांच्यासमोर गायचं त्या बाजूचे. अशा घरातल्या मुलाने स्वतः वाद्य हातात घेणं लोकांना खटकणारच, तसं ते खटकलं. तरीही हा पोरगा गुरकेल नावाचं एका तारेचं वाद्य वाजवायला लागला.

ती तारही साधी नव्हती. नायजर नदीच्या काठावर नदीतल्या रूहांना आणि जिन्नांना बोलावण्याचे जुने विधी होते, आणि ही वाद्यं त्या विधींशी जोडलेली होती. अलींच्या आजीचं त्या विधींत मोठं स्थान होतं. मोठेपणी अली स्वतः सांगत की आपण मुसलमान असल्याने त्या वाटेला फार जात नाही. गाण्यांत मात्र नदी आणि तिचे रहस्यमय रहिवासी राहिलेच. इस्लाम ज्या ज्या मुलखात गेला तिथं जुन्या रिवाजांशी अशी ओढाताण झालेली आहे. आपल्या कोकणात आणि मराठवाड्यात ती आपण पाहिलेलीच आहे, तेव्हा याचं फार नवल वाटू नये.

अलींनी पोटासाठी काय काय केलं बघा. मेकॅनिक होते, टॅक्सी चालवली, नदीवर रुग्ण नेणारी बोट चालवली. १९५६ मध्ये शेजारच्या गिनी देशातल्या केइता फोदेबा यांच्या मंडळींचा कार्यक्रम पाहिला आणि गिटार शिकायचं मनाशी पक्कं केलं. स्वतःची पहिली गिटार घेतली ती १९६८ मध्ये, बल्गेरियाच्या सोफिया शहरात, एका महोत्सवाला गेले असताना. मग सत्तरच्या दशकात ‘रेडिओ माली’त ध्वनी अभियंता म्हणून नोकरी. या नोकरीमुळे त्यांच्या हाताशी रेकॉर्डिंगची यंत्रं आली आणि देशभरच्या गाण्यांशी ओळख झाली. सोंघाय, फुलानी, तुआरेग, बांबारा अशा वेगवेगळ्या लोकांच्या भाषांत ते गायचे. एका देशात राहून एकमेकांची भाषा न समजणाऱ्या लोकांना एकाच माणसाच्या गाण्यात आपली भाषा ऐकू यायची, ही लहान गोष्ट नव्हे.

याच काळात कुणीतरी त्यांना अमेरिकन काळ्या गायकाची, जॉन ली हूकरची रेकॉर्ड ऐकवली. अलींना वाटलं, हे तर आपल्याकडचंच आहे, हा माणूस मालीचाच असला पाहिजे! पुढे आयुष्यभर मुलाखतींत ते याच अर्थाचं बोलत राहिले, की अमेरिकेकडे फांद्या आणि पानं आहेत, मूळ आमच्याकडे आहे. अमेरिकेच्या ज्या संगीताला ‘ब्लूज’ म्हणतात, ज्यातून पुढे रॉक आणि आजचं निम्मं पाश्चात्त्य संगीत निघालं, ते गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांच्या पोरानातवंडांनी घडवलं. त्या गुलामांत पश्चिम आफ्रिकेतले मुसलमान पुष्कळ होते. सिल्विआन दियुफ या इतिहास संशोधक बाईंनी यावर ‘सर्व्हंट्स ऑफ अल्लाह’ हे पुस्तक १९९८ मध्ये लिहिलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मजुरांच्या जुन्या हाका आणि अजान या दोन्हींत स्वर लांबवण्याची, एका अक्षरावर आवाज फिरवण्याची जी पद्धत आहे तिच्यातलं साम्य त्या दाखवतात. हा संबंध सगळ्याच अभ्यासकांना मान्य आहे असं नाही. तरी सुराची ही वाट आफ्रिकेकडून अमेरिकेकडे गेली, एवढं तर निर्विवाद आहे.

म्हणजे टेक्सासच्या बँडने मालीच्या माणसाची गाणी वाजवली यात उलटी गंगा वाहिली असं म्हणायला जागा नाही. टेक्सास हा ब्लूजचाच मुलूख.

आता तो बँड. ख्रुआंगबिन हा थाई भाषेतला शब्द आहे, अर्थ विमान. बँडमध्ये एकही थाई माणूस नाही. गिटारवर मार्क स्पीअर, बेस गिटारवर लॉरा ली, ड्रमवर डोनाल्ड जॉन्सन, ज्याला सगळे ‘डीजे’ म्हणतात. मार्क आणि डीजे यांची गाठ पडली २००४ च्या सुमारास ह्युस्टनच्या एका चर्चमध्ये. तिथल्या इबादतीच्या वेळी जो गॉस्पेल बँड वाजवायचा त्यात मार्क गिटारवर आणि डीजे ऑर्गनवर असायचा. मंगळवारी सराव, नंतर एकत्र जेवण. मार्क आणि लॉरा ली यांची ओळख २००७ ची. या दोघांना जोडणारा धागा वाचून आमच्या वाचकांना गंमत वाटेल. दोघांनाही अफगाणिस्तानच्या संगीताची आणि मध्यपूर्वेतल्या इमारतींच्या बांधणीची आवड होती. लॉरा लीला तेव्हा बेस वाजवता येत नव्हता, तो तिला मार्कने शिकवला. त्यांचं रेकॉर्डिंग मुख्यतः शहरात होत नाही, टेक्सासच्या बर्टन गावाजवळ शेतातल्या एका जुन्या कोठारात होतं.

या बँडचा स्वभाव असा, की प्रत्येक अल्बमच्या वेळी जगाचा एखादा कोपरा कानात भरून घ्यायचा. २०१५ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी १९६०-७० च्या थायलंडच्या कॅसेट होत्या. त्या काळात व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकन सैनिक थायलंडमध्ये राहत होते, त्यांच्याबरोबर इलेक्ट्रिक गिटार आणि रॉक आलं, आणि थाई वादकांनी ते आपल्या गावच्या चालींना जोडलं. म्हणजे जे ऐकून ख्रुआंगबिन शिकले तेही आधीच मिश्रण होतं! २०१८ च्या ‘कोन तोदो एल मुंदो’ मध्ये कान वळला इराण आणि भूमध्य समुद्राकडे. त्यातल्या ‘मारिया तांबियेन’ या गाण्याच्या व्हिडिओत १९७९ च्या क्रांतीपूर्वीच्या इराणी गायिका आणि नर्तकींची जुनी दृश्यं आहेत. अल्बमचं नाव स्पॅनिश. लॉरा लीचे मेक्सिकन वंशाचे आजोबा तिला विचारायचे, तुझं माझ्यावर किती प्रेम? आणि ‘सगळ्या जगाएवढं’ हे एकच उत्तर त्यांना चालायचं. तेच हे नाव.

यांच्या आवाजाचा पाया मात्र फार बदलत नाही, आणि तो कळला तर ‘अली’ ऐकायला सोपा जातो. डीजेचा ड्रम कोरडा, घड्याळासारखा, उगाच कुठंही फुलोरा नाही. लॉरा लीचा बेस खोल आणि मोजका. दोन स्वरांच्या मध्ये ती भरपूर जागा रिकामी ठेवते. ही रिकामी जागा ठेवण्याची कला जमैका बेटावरून आली, तिला ‘डब’ म्हणतात. तिथं १९६० च्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात किंग टबी आणि इतर तंत्रज्ञांनी तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा, बेस आणि ड्रम पुढे आणायचे आणि उरलेल्या सुरांवर घुमारा सोडायचा अशी पद्धत पाडली. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवल्यावर जसं होतं, तसं. मार्कची गिटार या घुमाऱ्यात तरंगते.

याच्यावर व्यूची गिटार कशी बसते? मालीच्या उत्तरेची गिटार आपल्या ओळखीच्या फिल्मी गिटारसारखी सूर बदलत पुढे धावत नाही. एक छोटी आकृती अंगठा आणि पहिल्या बोटाने पुन्हा पुन्हा फिरत राहते, खाली एक स्वर तानपुऱ्यासारखा टिकून असतो, आणि वरच्या स्वरांत मधूनच एखादी लकेर सुटते. पाच स्वरांचा खेळ. आपल्या कानाला तो भूपासारख्या औडव रागांच्या जवळचा वाटेल, पण राग म्हणून तो शोधायला जाऊ नये. या फिरत्या आकृतीला ख्रुआंगबिनचा रिकाम्या जागांचा बेस मानवतो, कारण दोघांनाही घाई नाही. कुणी कुणाच्या अंगावर जात नाही.

‘सावान’ हे पहिलं गाणं घ्या. हे वडिलांच्या अखेरच्या अल्बमचं शीर्षकगीत. तो अल्बम आजारपणात पूर्ण करून अली मार्च २००६ मध्ये हाडांच्या कॅन्सरने अल्लाहला प्यारे झाले, आणि अल्बम त्यांच्या पश्चात बाहेर आला. मुलाने सुरुवात याच गाण्याने केली. ते इतकं संथ आहे की पहिल्या मिनिटात काही घडतच नाही असं वाटतं. ‘दियाराबी’ म्हणजे बांबारा भाषेत प्रिय व्यक्ती. हे गाणं वडिलांनी ‘टॉकिंग टिंबक्टू’ या १९९४ च्या गाजलेल्या अल्बममध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत वाजवलं होतं. जाता जाता सांगायला हवं, याच राय कूडर यांनी त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या पंडित विश्वमोहन भट यांच्यासोबत ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केला होता आणि दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळाला. ‘तोंगो बारा’ मात्र नाचरं आहे, तिथं ड्रम एकदम अंगात येतो. ज्यांना पहिल्या दोन गाण्यांत झोप येईल त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

आमचं प्रांजळ मत विचाराल तर आठही गाणी सारख्या ताकदीची नाहीत. काही ठिकाणी टेक्सासचा गुळगुळीतपणा जास्त होतो आणि हॉटेलात मागे हलकेच चालू असलेल्या संगीतासारखं वाटतं. वडिलांच्या गाण्यात जी रखरख होती, उन्हाची, धुळीची, ती इथं बरीचशी पुसली गेली आहे. ज्यांनी अलींना आधी ऐकलंय त्यांना ते जाणवेलच. पण एक गोष्ट या अल्बमने नीट सांभाळली. श्रेयात व्यूचं नाव आधी आहे, बँडचं नंतर, आणि अल्बमला नाव अब्बांचं. गोऱ्या देशातल्या बँडने गरीब देशातली चाल उचलायची, तिच्यावर नाव आणि पैसा कमवायचा आणि मूळ गाणाऱ्याचा उल्लेखही नाही, असे प्रकार संगीताच्या जगात कमी झालेले नाहीत.

अलींचा कडवटपणा नेमका इथूनच आला होता. सुरुवातीच्या काळात त्यांच्या रेकॉर्ड परदेशात विकल्या गेल्या आणि हाती त्या मानाने काहीच लागलं नाही. गाण्याच्या धंद्यात माणसाला लुबाडतात हे त्यांनी स्वतः सोसलं होतं. म्हणून मुलाने गाणारा होऊ नये, फौजेत जावं, असा त्यांचा आग्रह. मुलाचं खरं नाव बुरेमा, म्हणजे आपलं इब्राहीम. ‘व्यू’ हे फ्रेंच टोपणनाव, अर्थ म्हातारा. जन्म १९८१ चा. विचार करा, जगात नाव कमावलेला कलावंत बाप आपल्याच पोराला म्हणतोय की या वाटेला जाऊ नकोस. एकेकाळी खानदानाच्या इज्जतीसाठी त्याला स्वतःला घरच्यांनी अडवलेलं, आता पैशाच्या आणि फसवणुकीच्या भीतीने तो मुलाला अडवतोय. कारणं वेगळी, उंबरठा तोच.

व्यू राजधानी बामाकोच्या राष्ट्रीय कला संस्थेत दाखल झाला. तिथं आधी तालवाद्यं वाजवली. २००१ च्या सुमारास गिटार हातात घेतली ती लपून. मध्ये पडले ते तुमानी द्याबाते. हे अलींचे जवळचे मित्र, कोरा या एकवीस तारांच्या वाद्याचे उस्ताद, आणि पिढ्यान्‌पिढ्या जेली घराण्यातले. म्हणजे ज्यांच्या घरात गाणं हीच इज्जत होती त्यांनी खानदानी घरातल्या मुलाची बाजू घेतली. मोठ्या माणसाला समजावायला घरातलं कुणी चालत नाही, बरोबरीचा दोस्तच लागतो, हे आपल्याही घरांत काही वेगळं नसतं. शेवटी अली मानले. नुसते मानले नाहीत, तर शरीर आजाराने पोखरलेलं असताना मुलाच्या पहिल्या अल्बमसाठी त्यांनी स्वतः गिटार वाजवली. तो अल्बम आला तेव्हा ते हयात नव्हते. त्या अल्बमच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा नियाफुंकेच्या बाजूच्या मलेरियाविरोधी कामाला, मच्छरदाण्यांसाठी दिला गेला.

हा हिस्सा बाजूला काढण्याची सवय घरातूनच आलेली. अली ग्रॅमी घेऊन अमेरिकेत राहिले नाहीत, गावी परतले. आपण शेतकरी आहोत, संगीत नंतर, असं ते सांगत. कमाई शेतात, पाणी उपसण्यात, गावाच्या कामात गेली. १९९९ चा ‘नियाफुंके’ अल्बम तर त्यांनी गावातच एका सोडलेल्या इमारतीत रेकॉर्ड केला, जनरेटरवर, शेतीच्या कामातून वेळ मिळेल तसा. परदेशातून आलेली रेकॉर्डिंगची माणसं थांबून राहायची. २००४ मध्ये ते नियाफुंकेचे महापौर झाले. स्वतःच्या पैशाने रस्ते सारखे केले, सांडपाण्याच्या गटारी काढल्या, गावाला वीज देणाऱ्या जनरेटरचं इंधन भरलं. आमच्या मते त्यांची ओळख सांगताना ग्रॅमीच्या आधी त्या गटारी सांगायला हव्यात.

आणि मग २०१२. मालीच्या उत्तरेत बंड झालं, ‘अन्सार दीन’ आणि इतर हत्यारबंद गटांनी टिंबक्टू, गाओ, किदाल ही शहरं घेतली. त्यांनी आपल्या समजुतीची शरीयत लादली आणि तिच्यात संगीत गुन्हा ठरला. रेडिओवर गाणी बंद. मोबाइलची गाण्याची रिंगटोनसुद्धा चालेना. वाद्यं जाळली, मोडली गेली. कलावंत दक्षिणेकडे बामाकोला, नाहीतर शेजारच्या देशांत पळाले. याच लोकांनी टिंबक्टूतल्या वलींच्या कबरींवरच्या जुन्या इमारतीही फोडल्या. वाळवंटातला ‘फेस्तिवाल ओ देझेर’ हा संगीत मेळा २००१ पासून भरत होता. जानेवारी २०१२ नंतर तो तिथं भरू शकला नाही. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच आणि मालीच्या फौजांनी टिंबक्टू परत घेतलं, पण तो भाग आजही पूर्ण शांत नाही.

संगीत हलाल की हराम, या प्रश्नावर फतवा देणं हे आमचं काम नाही. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम इब्ने तैमिया (रह.) यांचं मत कडक होतं. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये समा आणि वज्द या विषयावर एक आख्खा भाग लिहिला आणि कोणतं ऐकावं, कोणतं ऐकू नये, ऐकणाऱ्याचं मन कसं असावं याची बारकाईने चर्चा केली. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये, यात वाद नाही. पण मालीत जे झालं ती मतभेदाची गोष्ट नव्हती, बंदुकीची होती. ज्यांना पळावं लागलं तेही मुसलमानच होते. मालीत दहातले नऊ लोक मुसलमान आहेत. आपल्याकडे टीव्हीवर या बातम्या आल्या तेव्हा ‘मुसलमानांना गाणं चालत नाही’ एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. त्या मुसलमानांचीच गाणी होती, ही बातमी अर्धवट राहिली.

कलावंत गप्प बसले नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये गायिका फातुमाता दियावारा यांनी चाळीसच्या आसपास मालीच्या गायक-वादकांना एकत्र करून शांततेचं एक गाणं बामाकोत रेकॉर्ड केलं. त्यात व्यूही होता. त्याच वर्षी त्याचा ‘मों पेई’, म्हणजे ‘माझा देश’, हा अल्बम आला.

म्हणून २०१९ मध्ये ह्युस्टनच्या स्टुडिओत तो बसला तेव्हा ती नुसती वडिलांची आठवण नव्हती. ही गाणी जिथली, तिथं ती एकदा जबरदस्तीने बंद पाडून झाली होती. रेकॉर्डिंग साधारण आठवडाभरातच झालं. मग कोरोना आला, काम रखडलं, ते पूर्ण झालं २०२१ मध्ये. ज्यांची भाषा वेगळी, दीन वेगळा, त्या चर्चमध्ये वाजवून मोठ्या झालेल्या माणसांनी त्याच्या मागे बसून ताल धरला. आम्ही हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते त्यांचं मागे बसणंच. मार्क स्पीअर स्वतः नावाजलेला गिटारवादक, पण इथं तो बऱ्याचदा बाजूला सरकतो आणि व्यूला पुढे जाऊ देतो.

ज्यांना घरी ऐकून पाहायचं असेल त्यांना आमचा सल्ला असा. थेट ‘अली’ लावू नका. आधी अलींचा मूळ ‘सावान’ ऐका, मग ‘इन द हार्ट ऑफ द मून’. हा दुसरा अल्बम अली आणि तुमानी द्याबाते यांनी बामाकोत नायजर नदीवरच्या एका हॉटेलात, जवळजवळ काहीच सराव न करता वाजवला. त्यात बोल फारच थोडे आहेत, बहुतेक फक्त गिटार आणि कोरा. ज्या घरात गाण्याच्या शब्दांवरून आक्षेप असतो तिथंही तो बहुधा चालून जाईल. त्यानंतर ‘अली’ लावला की कुठं काय उरलं आणि कुठं काय बदललं ते आपोआप कळतं. आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं असेल तर त्याच २०२२ सालचा, ‘अली’च्या तीनेक महिने आधी आलेला ‘ले रासीन’ शोधा. त्यात टेक्सास नाही, डब नाही, थायलंड नाही. नावाचा अर्थ आहे ‘मुळं’. वडील ज्या रखरखीत ढंगात वाजवायचे त्याच ढंगात तो तिथं वाजवतो, लपून नाही.